हिमघसरगाडी, मुलांची

बर्फाच्छादित उतारावरून घसरत जाण्यासाठी मुले वापरतात ते बिनचाकी वाहन. ते ‘स्लेज’ या नावानेही ओळखले जाते. थंड प्रदेशांत ओझी वाहण्याकरिता स्लेजचा वापर प्राचीन काळापासून होत आला आहे. मात्र मुलांची स्लेज दीर्घकाळ घरी किंवा गावच्या सुताराकडून करून घेतली जाई. कारखान्यात बनविलेली, अनेक हिवाळे टिकणारी स्लेज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आली.

अमेरिकेतील मेन राज्यात हेन्री मॉर्टन यांनी १८६१ मध्ये हा व्यवसाय सुरू केला. त्यातूनच पुढे पॅरिस मॅन्युफॅक्चरिंग कंपनी उदयास आली. या काळातील स्लेजवर सुबक रंगकाम असे, परंतु तिच्या धावपट्ट्या ताठ असत. वळण्यासाठी पाय जमिनीवर घासावे लागत. त्यामुळे वेग मंदावे आणि जोडेही झिजत. स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे १८८३ मध्ये आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. तेथील ॲश वृक्षाच्या लाकडाची स्लेज अतिशय मजबूत. पण तीही शरीराचा तोल सांभाळून व पायांनीच वळवावी लागे.

ही अडचण फिलाडेल्फियाचे शेती अवजारांचे उत्पादक सॅम्युएल लीड्स ॲलन (१८४१–१९१८) यांनी दूर केली. अवजारांची मागणी हंगामी असल्याने कामगारांना वर्षभर पुरेल असे दुसरे उत्पादन त्यांना हवे होते. त्यांनी १८८९ मध्ये ‘फ्लेक्सिबल फ्लायर’ या स्लेजचे एकस्व मिळविले. तिच्या पोलादी धावपट्ट्या लवचिक असून पुढील आडवा दांडा हातांनी वा पायांनी फिरविला की त्या वाकतात व स्लेज वळते. नांगरटीची अवजारे शेतकऱ्यांना विकणारे विक्रेते प्रारंभी या खेळण्याविषयी निरुत्साही होते, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. पुढे शहरांतील मोठ्या दुकानांनी ती विक्रीस ठेवली आणि १९१५ मध्ये सुमारे १,२०,००० स्लेज खपल्या.

बर्फावरील घसरण दाबाने बर्फ वितळल्यामुळे होते, असे पूर्वी मानीत. मुलाचे वजन त्यास पुरेसे नसते. घर्षणाची उष्णता व बर्फाच्या पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म सैल थर यांमुळे ही घसरण शक्य होते. अरुंद धावपट्टी तुडवून घट्ट झालेल्या बर्फावर उत्तम चालते, भुसभुशीत बर्फात मात्र रुतते. तेथे कॅनडातील आदिवासींकडून आलेली सपाट तळाची टोबोगन अधिक उपयुक्त ठरते.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकच्या तबकड्या व पसरट स्लेज स्वस्तात मिळू लागल्या. त्या हलक्या असतात. परंतु कडाक्याच्या थंडीत कमी प्रतीचे प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकते, आणि तबकडीला दिशा देता येत नाही. उतारावर झाड आडवे आल्यास हा दोष जिवावर बेतू शकतो. म्हणून वळविता येणारी स्लेज, पाय पुढे करून बसणे आणि शिरस्त्राण यांचा आग्रह बालरोगतज्ज्ञ धरतात. लाकडी स्लेज कोरड्या जागी ठेवून धावपट्ट्यांवरील गंज घासून काढल्यास व त्यांना मेण लावल्यास ती पुढच्या पिढीलाही वापरता येते.