दालींचे समुद्रकाठचे घर

स्पेनच्या ईशान्य टोकाला, काडाकेस गावाजवळच्या पोर्टलिगाट या चिमुकल्या खाडीकाठी सॅल्वादोर दाली यांनी १९३० मध्ये कोळ्याची एक झोपडी विकत घेतली. शेजारच्या झोपड्या जोडत सुमारे ४० वर्षांत त्यांनी तिचा भुलभुलैया केला. यादवी युद्ध आणि महायुद्धामुळे दुरावलेले हे घर त्यांना १९४८ मध्ये पुन्हा लाभले. पत्नी गाला १९८२ मध्ये निवर्तल्या आणि दालींनी ते कायमचे सोडले. १९९७ पासून तेथे संग्रहालय आहे.

गाजलेली चित्रे पाहण्याच्या अपेक्षेने येथे येऊ नये. त्यासाठी फिगेरेसचे नाट्यगृह-संग्रहालय आहे. पण तेवढेच पाहून परतणाऱ्याला दाली अर्धेच कळतात, असे म्हणावेसे वाटते. त्यांच्या चित्रांतले ते चमत्कारिक कातळ निव्वळ कल्पनेतले नव्हेत. ते याच किनाऱ्यावर उभे आहेत. चित्रशाळेच्या खिडकीत ही खाडी चौकटीसारखी बसते. मोठा कॅनव्हास जमिनीतील फटीतून खाली-वर सरकवण्याची सोय तेथे आहे. दाली बसूनच रंगवीत. अंथरुणातून सूर्योदय दिसावा म्हणून त्यांनी आरसा लावून घेतला होता. दाराशी पेंढा भरलेले अस्वल आहेच, तो खास दाली खाक्या!

खोल्या अरुंद असल्याने लहान गटांनाच आत सोडतात. आरक्षण आधीच करावे.