जिओकॅशिंग: डबे शोधताना किती किलोमीटर फिरलात, हे नेमकं मोजतात कसं?

समजा, पुण्यातले दोन मित्र रविवारी सकाळी एकाच स्कूटरवरून निघाले. दोघांनी मिळून तीन डबे शोधले आणि संध्याकाळी घरी परतले. रात्री दोघांनीही आकडे शेअर केले. एकाने लिहिलं, ‘आज ४ किलोमीटर.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘आज ३८ किलोमीटर.’ खाली कमेंट आलीच, ‘दोघांपैकी एक जण फेकतोय!’

खरं तर दोघांपैकी कुणीच फेकत नव्हतं. पहिल्याने वेबसाइटवरचा आकडा टाकला होता, तर दुसऱ्याने स्कूटरचे आणि पायी चाललेले किलोमीटर एकत्र केले होते. जिओकॅशिंगमध्ये ‘एकूण अंतर’ या एकाच नावाखाली किमान तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या जातात. हा गोंधळ नेमका काय आहे आणि स्वतःचा हिशोब नीट कसा ठेवायचा, ते पाहूया.

जिओकॅशिंग म्हणजे काय?

नावात ‘जिओ’ असलं तरी सिमकार्डाशी याचा संबंध नाही. ग्रीक भाषेत ‘जिओ’ म्हणजे पृथ्वी, आणि ‘कॅश’ म्हणजे लपवून ठेवलेला साठा. कुणीतरी एक डबा लपवतं आणि त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतं. बाकीचे लोक मोबाइल किंवा जीपीएस यंत्र घेऊन तो शोधतात. डब्यातल्या नोंदवहीत नाव लिहायचं, डबा होता तिथे परत ठेवायचा आणि वेबसाइटवर ‘सापडला’ अशी नोंद करायची. खेळ एवढाच.

याची सुरुवात मे २००० मध्ये झाली. तोपर्यंत अमेरिकी सरकार सामान्य लोकांना मिळणारा जीपीएस सिग्नल मुद्दाम बिघडवून देत होतं. त्यामुळे जागा दाखवण्यात १०० मीटरपर्यंतची चूक व्हायची. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशानंतर हा अडथळा काढण्यात आला. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली लपवली आणि तिचा पत्ता ऑनलाइन टाकला. माइक टीग यांनी ती सर्वांत आधी शोधली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी जिओकॅशिंग डॉट कॉम ही वेबसाइट सुरू केली. आज जगभरात असे ३० लाखांहून अधिक डबे आहेत.

वेबसाइटचा आकडा: डबा ते डबा, सरळ रेषेत

अंतराचा सर्वाधिक शेअर होणारा आकडा म्हणजे ‘कॅश-टू-कॅश’ अंतर. प्रोजेक्ट-जीसी ही आकडेवारीची वेबसाइट किंवा जीसॅक हे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर तुमच्या सगळ्या नोंदी एका रांगेत लावतं. पहिल्या डब्यापासून दुसऱ्यापर्यंत किती अंतर, दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत किती, असं करत शेवटच्या डब्यापर्यंतची बेरीज केली जाते.

हे अंतर पक्ष्यासारखं सरळ रेषेत मोजलेलं असतं. पृथ्वी गोल असल्यामुळे त्यासाठी ‘हॅवरसाइन’ नावाचं सूत्र वापरलं जातं. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश दिले, की पृथ्वीची त्रिज्या साधारण ६,३७१ किलोमीटर धरून ते दोन्हींमधलं सर्वांत जवळचं अंतर सांगतं. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांपाशी ती थोडी चपटी आहे. त्यामुळे यात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. पण खरी गडबड त्या अर्ध्या टक्क्यात नाही.

उदाहरण घ्या. शनिवारी मुंबईत एक डबा सापडला आणि रविवारी पुण्यात दुसरा. वेबसाइट सुमारे १२० किलोमीटर धरेल. प्रत्यक्षात रस्त्याने साधारण १५० किलोमीटर प्रवास झाला. घाटातली वळणं वेबसाइटला दिसत नाहीत.

आता समजा, पुढच्या आठवड्यात हीच व्यक्ती लग्नासाठी नागपूरला जाऊन आली, पण तिथे एकही डबा शोधला नाही. या प्रवासाचे वेबसाइटवरचे किलोमीटर शून्य. कारण हिशोब फक्त डब्यांचा आहे. घरापासून पहिल्या डब्यापर्यंतचा आणि शेवटच्या डब्यापासून घरापर्यंतचा रस्ताही यात येत नाही.

हा आकडा कुठे चुकतो?

पहिली चूक नोंदींच्या क्रमाची. मुंबईत एक आणि पुण्यात दोन डबे शोधले, तर बेरीज १२० किलोमीटरच्या आसपास यायला हवी. पण घरी आल्यावर नोंदी करताना आधी पुण्याचा एक, मग मुंबईचा आणि मग पुण्याचा दुसरा असा क्रम लागला, तर कागदोपत्री मुंबई-पुणे दोनदा झालं. बेरीज थेट २४०. माणूस एक मीटरही जास्त चाललेला नाही, पण आकडा दुप्पट.

दुसरी अडचण कोड्यांच्या डब्यांची. ‘मिस्टरी’ प्रकारात वेबसाइटवर दिलेली जागा बहुतेकदा खरी नसते. कोडं सोडवलं, की खरी जागा कळते, आणि ती साधारण ३ किलोमीटरच्या परिसरात असते. बेरीज मात्र सहसा जाहीर केलेल्या जागेवरूनच होते.

तिसरी अडचण ‘मल्टी’ डब्यांची. यात एका ठिकाणी पुढच्या ठिकाणाचा धागा मिळतो, तिथून त्याच्या पुढचा. पाच टप्प्यांचा डबा शोधताना दोन तास पायपीट होऊ शकते. वेबसाइटसाठी तो एकच ठिपका असतो.

ट्रॅकेबल: सोबत फिरणारा बिल्ला

अंतर मोजण्याची आणखी एक लोकप्रिय पद्धत म्हणजे ट्रॅकेबल. हा धातूचा बिल्ला किंवा नाणं असतं आणि त्यावर एक स्वतंत्र कोड कोरलेला असतो. मूळ कल्पना अशी, की बिल्ला एका डब्यात ठेवायचा, कुणीतरी तो उचलून दुसऱ्या डब्यात न्यायचा आणि असं करत तो देशोदेशी फिरायचा. त्याने किती अंतर कापलं, हे त्याच्या पानावर दिसतं.

मग काही लोकांनी यातून एक युक्ती काढली. बिल्ला कुठेच सोडायचा नाही, आपल्याच बॅगेला लावून ठेवायचा. प्रत्येक डब्याची नोंद करताना बिल्ल्याचीही ‘भेट दिली’ अशी नोंद टाकायची. मग बिल्ल्याचे किलोमीटर म्हणजे आपले किलोमीटर. काही जण गाडीसाठी वेगळा, पाळीव कुत्र्यासाठी वेगळा आणि मुलांसाठी वेगळा बिल्ला ठेवतात. त्यामुळे कोण किती फिरलं, याचा हिशोब आपोआप वेगळा राहतो.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. एक, हेही अंतर सरळ रेषेतलंच असतं. दोन, ‘पाहिला’ अशी नोंद केली तर अंतर वाढत नाही. ‘भेट दिली’ किंवा ‘डब्यात ठेवला’ अशा नोंदींनीच ते वाढतं.

आणि बिल्ल्यावरच्या कोडचा फोटो कधीही पोस्ट करू नका. तो कोड म्हणजे बिल्ल्याची किल्ली आहे. कोड कळला, की दुसऱ्या देशात बसलेली व्यक्तीही तो ‘उचलला’ अशी नोंद करू शकते. तसं झालं, तर वर्षानुवर्षं जपलेल्या हिशोबात एका रात्रीत हजारो खोटे किलोमीटर जमा होतात.

अंतराळात गेलेले डबे आणि बिल्ले

सरळ रेषेचा हिशोब किती फसवा असू शकतो, याचं सर्वांत मजेशीर उदाहरण अंतराळात आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये गेम डेव्हलपर रिचर्ड गॅरियट स्वखर्चाने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले. तिथे त्यांनी एक जिओकॅश ठेवला. वेबसाइटवर डब्याला पृथ्वीवरचा पत्ता द्यावाच लागतो. म्हणून कझाकस्तानातल्या बैकोनूर या प्रक्षेपण केंद्राचा पत्ता देण्यात आला.

अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून साधारण दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं. म्हणजे दिवसाला साडेसहा लाख किलोमीटरच्या आसपास. वेबसाइटच्या हिशोबात मात्र तो डबा बैकोनूरलाच बसून आहे!

मंगळावरही एक ट्रॅकेबल पोहोचला आहे. ‘नासा’च्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरवर शेरलॉक नावाचं उपकरण आहे. त्याच्या तपासणीसाठी लावलेल्या पट्टीवरच्या एका तुकड्यावर जिओकॅशिंगचा कोड कोरलेला आहे. २०३ दिवसांत सुमारे ४७ कोटी २० लाख किलोमीटर प्रवास करून हा रोव्हर १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरला.

मग खरं चाललेलं अंतर कसं मोजायचं?

पायाखालचा रस्ता मोजायचा असेल, तर ‘ट्रॅक’ रेकॉर्ड करावा लागतो. मोबाइल अॅप किंवा जीपीएस यंत्र काही सेकंदांनी जागा टिपत जातं. हे ठिपके जोडले, की प्रवासाची रेघ तयार होते. ही रेघ जीपीएक्स नावाच्या फाइलमध्ये साठवता येते आणि ती जवळपास कुठल्याही नकाशाच्या अॅपमध्ये उघडते.

पण हा आकडाही शंभर टक्के अचूक नसतो. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचा जीपीएस साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतो. उंच इमारती, दाट झाडी किंवा दरीत ही चूक वाढते. त्यामुळे ठिपके डावी-उजवीकडे उड्या मारतात आणि सरळ चाललेला रस्ता नागमोडी दिसतो. साहजिकच अंतर वाढतं. ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ जिओग्राफिकल इन्फर्मेशन सायन्स’ या नियतकालिकात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने, जागेतल्या अशा चुकांमुळे जीपीएसने मोजलेलं अंतर सरासरीने जास्तच का भरतं, हे गणिताने दाखवून दिलं.

जिओकॅशिंगमध्ये हे जास्त जाणवतं. कारण डब्याजवळ पोहोचल्यावर माणूस पंधरा-वीस मिनिटं दगडांखाली, झाडाच्या ढोलीत हात घालत एकाच जागी घुटमळतो. तेवढ्या वेळात अॅप न चाललेले शे-दोनशे मीटर खुशाल जमा करू शकतं.

याच्या उलटही होतं. बॅटरी वाचवण्यासाठी अॅप मिनिटाला एकदाच जागा टिपत असेल, तर मधली वळणं कापली जातात आणि अंतर कमी भरतं. वळणावळणाच्या घाटवाटेवर हा फरक मोठा असू शकतो.

स्वतःचा हिशोब कसा ठेवाल?

• आधी ठरवा, मोजायचं काय आहे. डबा ते डबा, गाडीचा प्रवास की पायी चाललेलं अंतर? तिन्ही आकडे वेगळे ठेवा, एकमेकांत मिसळू नका.

• वेबसाइटवर नोंदी करताना ज्या क्रमाने डबे सापडले, त्याच क्रमाने टाका. तारीखही तीच टाका.

• निघताना आणि परतल्यावर गाडीच्या मीटरचा फोटो काढा. सर्वांत सोपा आणि भरवशाचा पुरावा हाच.

• ट्रॅक रेकॉर्ड करताना ‘ऑटो-पॉज’ सुरू ठेवा. डबा शोधताना थांबलात, की मोजणीही थांबते.

• गाडीत बसताना पायी चालण्याचा ट्रॅक बंद करा. हे विसरलं, तर आकडा एका दिवसात ‘विक्रमी’ होतो.

• जीपीएक्स फाइल दर महिन्याला कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. अॅप बंद पडलं, तरी नोंदी राहतात.

• वर्षभर एकच अॅप आणि एकच पद्धत वापरा. आकडा थोडा चुकीचा असला, तरी या वर्षीची गेल्या वर्षीशी तुलना करता येते.

शेअर करण्याआधी एवढं बघा

एकूण अंतराचा स्क्रीनशॉट टाकायला हरकत नाही. नकाशासकट ट्रॅक टाकताना मात्र सावध राहा. बहुतेक ट्रॅक घराच्या दारात सुरू होतो आणि घराच्या दारातच संपतो. असे चार-पाच ट्रॅक पाहिले, की अनोळखी माणसालाही तुमचं घर, निघण्याची वेळ आणि घर कधी रिकामं असतं, हे कळू शकतं.

ही नुसती भीती नाही. स्ट्राव्हा या व्यायामाच्या अॅपने आपल्या वापरकर्त्यांच्या ट्रॅकचा एकत्रित जागतिक नकाशा प्रसिद्ध केला होता. त्यात कुणाचंही नाव नव्हतं. तरीही जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आलं, की सैनिकांच्या धावण्याच्या रेघांमुळे अनेक लष्करी तळांची जागा आणि आतले रस्ते उघड होत आहेत. जे लष्कराच्या लक्षात आलं नाही, ते आपल्याही सहज नजरेतून सुटू शकतं.

उपाय सोपा आहे. घरापासून थोडं दूर गेल्यावर ट्रॅक सुरू करा आणि परतताना तेवढ्याच अंतरावर बंद करा. अॅपमध्ये घराचा परिसर लपवण्याची सोय असेल, तर ती सुरू करा. हिशोबातले पाच-सातशे मीटर कमी होतील, तेवढंच.

आणि सुरुवातीच्या त्या दोन मित्रांचं काय? त्यांनी आकड्यापुढे फक्त एक शब्द लिहायला हवा होता. पहिल्याने ‘सरळ रेषेत’ आणि दुसऱ्याने ‘रस्त्याने’. कमेंटमधलं भांडण तिथेच मिटलं असतं.