डिझेल की पेट्रोल? आधी विचारा, मोजपट्टी कोणाची

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलं की शीर्षकात दोन शब्द हमखास येतात : "तुलनात्मक अभ्यास". ऐकायला सोपं वाटतं. दोन गोष्टी घ्यायच्या, शेजारी ठेवायच्या, आकडे मांडायचे, निष्कर्ष काढायचा. पण ते आकडे कुठल्या पट्टीने मोजले, ती पट्टी कोणी आणि कधी ठरवली, हे विचारलं नाही तर मौखिक परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला गडबड होते. आज हा मुद्दा एका इतिहासातून बघू. विषय आहे अमेरिकेतले हेवी-ड्यूटी पिकअप ट्रक आणि त्यांतलं डिझेल विरुद्ध पेट्रोलचं जुनं भांडण.

आपल्याकडे भाजीपाला वाहणारा छोटा पिकअप असतो, तो इथे डोळ्यांसमोर आणू नका. फोर्ड एफ-२५०, एफ-३५०, रॅम २५०० या जातीच्या गाड्या आहेत या. गाडी आणि माल मिळून ८,५०० पौंडांपेक्षा जास्त, म्हणजे सुमारे ३,८५५ किलोंच्या वर वजन पेलायला बनवलेल्या. शेतकरी, बांधकाम ठेकेदार, मागे ट्रेलर जोडून घोडे किंवा यंत्रं नेणारे लोक त्या घेतात.

आधी थोडं विज्ञान

निकोलाउस ऑटोने १८७६ मध्ये चार फटक्यांचं इंजिन यशस्वी केलं. त्यात इंधन आणि हवेचं मिश्रण ठिणगीने पेटतं. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची चाचणी १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला झाली. त्यात हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि फवारलेलं इंधन आपोआप पेट घेतं. त्या चाचणीत कार्यक्षमता सुमारे २६ टक्के भरली आणि त्या काळात हा आकडा फार मोठा होता.

फरक दोन ठिकाणी पडतो. पेट्रोल इंजिनात मिश्रण फार दाबलं तर ते वेळेआधी पेटतं, इंजिन ठोकायला लागतं. डिझेलमध्ये दाबली जाते ती नुसती हवा, त्यामुळे दाब बराच वाढवता येतो. दुसरं म्हणजे पेट्रोल इंजिनाची ताकद कमी करायची तर हवेची वाट आवळावी लागते आणि त्यात ऊर्जा वाया जाते. डिझेलमध्ये फक्त इंधन कमी केलं की भागतं. शिवाय एक गॅलन डिझेलमध्ये एक गॅलन पेट्रोलपेक्षा सुमारे १३ टक्के जास्त ऊर्जा असते. म्हणजे "डिझेलला ॲव्हरेज जास्त" या वाक्यातला काही भाग इंजिनाचा आहे आणि काही नुसत्या इंधनाचा. हे वेगळं केलं नाही तर तुलना तिथेच फसते.

पहिली पट्टी : पंपावरचा खर्च

१९७० च्या दशकापर्यंत या ट्रकांमध्ये पेट्रोलचंच राज्य होतं. शेवरोलेचं ७.४ लिटरचं, फोर्डचं ७.५ लिटरचं, अशी अवाढव्य व्ही-८ इंजिनं. पेट्रोल स्वस्त होतं तोवर कोणी हिशेब विचारत नव्हतं. १९७३ च्या तेलसंकटाने तो विचारायला लावला.

जनरल मोटर्सने १९७८ मध्ये ओल्ड्समोबाइलचं ५.७ लिटरचं डिझेल इंजिन आणलं. ते मोटारींत आणि हलक्या पिकअपमध्येही दिलं गेलं. त्याची रचना कंपनीच्या पेट्रोल इंजिनाच्या मापांवर बेतलेली होती आणि हेड आवळणारे बोल्ट तेवढेच ठेवले होते. डिझेलचा दाब मात्र कितीतरी जास्त. हेड गॅस्केट फाटू लागली. इंधनातलं पाणी वेगळं करण्याची सोयही नीट नव्हती, त्यामुळे पंप खराब झाले. १९८५ मध्ये ते बंद झालं, पण तोवर अमेरिकेत "डिझेल म्हणजे कटकट" असं लोकांनी ठरवून टाकलं होतं.

इथे थांबून विचार करा. अपयश एका इंजिनाचं आणि शिक्का अख्ख्या तंत्रज्ञानावर. संशोधनात याला नमुना निवडीतला दोष म्हणतात. जनरल मोटर्सने १९८२ मध्ये ट्रकसाठी डिझेल म्हणूनच घडवलेलं ६.२ लिटरचं इंजिन आणलं. फोर्डने १९८३ च्या मॉडेलपासून इंटरनॅशनल हार्वेस्टरचं ६.९ लिटरचं घेतलं. दोन्ही इंधन वाचवणारी होती, पण टर्बो नसल्यामुळे दमात कमी पडायची.

दुसरी पट्टी : टॉर्क

१९८९ च्या मॉडेलमध्ये डॉजने कमिन्सचं सहा सिलिंडरचं, ५.९ लिटरचं टर्बो डिझेल बसवलं. (पुणेकरांना हे नाव परकं नाही. किर्लोस्कर कमिन्स १९६२ पासून पुण्यात होती.) योगायोग असा की डॉजचं मोठं पेट्रोल व्ही-८ सुद्धा ५.९ लिटरचंच होतं. एकच गाडी, एकच आकारमान, दोन इंधनं. तुलना करणाऱ्याला यापेक्षा चांगली संधी मिळत नाही.

पेट्रोल इंजिनाची ताकद १९० अश्वशक्तीच्या आसपास, डिझेलची १६०. या पट्टीवर पेट्रोल जिंकलं. टॉर्क मात्र पेट्रोलचा ३०० पौंड-फुटांहून कमी आणि डिझेलचा ४००. या पट्टीवर डिझेल जिंकलं. दोन्ही आकडे खरे आहेत. त्यांना जोडणारं सूत्र साधं आहे : अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ५२५२. डिझेल हळू फिरतं, म्हणून टॉर्क भरपूर असूनही अश्वशक्ती कमी दिसते. पण भरलेला ट्रेलर चढावर ओढायचा असेल तर कमी फेऱ्यांतला हाच जोर कामी येतो. पुढे फोर्डने १९९४ मध्ये पॉवर स्ट्रोक आणलं, जनरल मोटर्सने २००१ मध्ये इसुझूबरोबर ड्युरामॅक्स, आणि टॉर्कची चढाओढ सुरू झाली. जाहिरातीतली पट्टीच बदलली.

तिसरी पट्टी : धूर

पेट्रोल गाडीच्या धुरातले तीन मुख्य विषारी घटक एकाच उत्प्रेरकाने साफ होतात, कारण हवा आणि इंधनाचं प्रमाण तंतोतंत राखता येतं. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन शिल्लक राहतो, त्यामुळे तिथे नायट्रोजन ऑक्साइड्सवर हा उपाय चालत नाही. वर काजळी वेगळीच.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नियम कडक केले. २००६ पासून डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत १५ भाग अशी झाली. २००७ च्या मानकांमुळे काजळीची गाळणी आली, २०१० च्या मानकांनंतर युरियाच्या द्रावणाची टाकी. धूर खरोखरच स्वच्छ झाला, पण इंजिन महागलं. गाळणीत साठलेली काजळी जाळायला ती नीट तापावी लागते. रोज दोन-चार मैलच जाणाऱ्या गाडीत ते होत नाही आणि गाळणी तुंबते. त्यात सप्टेंबर २००४ पासून अमेरिकेत डिझेल साधारणपणे पेट्रोलपेक्षा महागच राहिलं आहे. आपल्या डोक्यात बसलेलं "डिझेल स्वस्त" हे गृहीतक तिथे चालत नाही.

मोजमापाचा प्रश्नही इथेच सर्वांत गंभीर झाला. २०१३ ते २०१९ च्या सुमारे ६ लाख ३० हजार रॅम ट्रकांच्या इंजिनांत प्रदूषण नियंत्रणाला बगल देणारी यंत्रणा होती, असा आरोप अमेरिकी सरकारने कमिन्सवर ठेवला. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने दोष मान्य न करता १६७.५ कोटी डॉलरचा दंड भरायला तयारी दाखवली. प्रयोगशाळेतला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांत अंतर असेल तर ते लोकांच्या फुप्फुसांत जातं.

दरम्यान पेट्रोल परत आलं. फोर्डने २०२० मध्ये ७.३ लिटरचं, जुन्या धाटणीचं, साधं पेट्रोल व्ही-८ आणलं : ४३० अश्वशक्ती, ४७५ पौंड-फूट. त्याच वर्षीच्या ६.७ लिटरच्या डिझेलची अश्वशक्ती ४७५ आणि टॉर्क १,०५० पौंड-फूट. पण डिझेलसाठी जादा मोजायचे सुमारे दहा हजार डॉलर.

जी पट्टी नाहीच

आता गंमत बघा. ग्राहकाचा पहिला प्रश्न "ॲव्हरेज किती?" हा असतो. अमेरिकेत नव्या मोटारीवर सरकारी ॲव्हरेजचं लेबल असतं, पण ८,५०० पौंडांवरच्या पिकअपला ते लागूच नाही. त्यामुळे मालकांचे अनुभव, मासिकांच्या चाचण्या आणि कंपन्यांचे दावे एवढ्यावरच काम चालतं. ओढण्याच्या क्षमतेचंही तेच होतं. २००८ मध्ये जे-२८०७ हे समान मानक येईपर्यंत प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा सांगायची. या मानकात ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा घाट ए.सी. चालू ठेवून, ठरावीक वेगाखाली न येता चढावा लागतो.

म्हणून स्वतः हिशेब करा. खालचे मायलेज, दर आणि अंतर मी समजण्यासाठी धरले आहेत. वर्षाला १५,००० मैल, पेट्रोल गाडी गॅलनला १२ मैल, डिझेल १५. पेट्रोल ४ डॉलर, डिझेल ४.६०. पेट्रोलचा खर्च ५,००० डॉलर, डिझेलचा ४,६००. वर्षाला ४०० वाचले, म्हणजे दहा हजार वसूल व्हायला २५ वर्षं. आता तोच मालक वर्षाला ३०,००० मैल जड ट्रेलर ओढतो, मायलेज ७ आणि १० धरा. खर्च १७,१४३ आणि १३,८०० डॉलर. पैसे तीन वर्षांत वसूल. निष्कर्ष पूर्ण उलटला आणि बदललं काय? फक्त काम.

पहिल्याच उदाहरणात कार्बन डायऑक्साइड मोजा. गॅलनला पेट्रोलमागे ८.८९ किलो, डिझेलमागे १०.१८ किलो. इंधन २० टक्के कमी लागलं, तरी वायू कमी झाला तो जेमतेम ८ टक्के.

तुम्ही दोन उत्प्रेरकांची तुलना करत असाल, दोन पिकांची किंवा दोन औषधांची, तुमच्या तक्त्यात तीन रकाने वाढवा : कशाने मोजलं, कोणी मोजलं, कोणत्या वर्षी आणि कोणत्या नियमाखाली मोजलं. जिथे रकाना रिकामा राहील, तिथे त्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. आणि बरेच रकाने रिकामे राहिले तर खूश व्हा, कारण तुमचा संशोधनाचा प्रश्न तिथेच सापडणार आहे.