कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड: इनस्क्रिप्ट घ्यायचा की फोनेटिक?

मोबाईलवर मराठी टाईप करायला आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. इंग्रजी अक्षरं दाबायची, वर मराठी शब्द हजर. पण कॉम्प्युटरसमोर बसलं की बरेच जण मजकूर मोबाईलवर टाईप करतात, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवतात आणि तिथून कॉपी करतात. एवढा उपद्व्याप करायची गरज नाही. मराठी कीबोर्ड विंडोजमध्येच असतो आणि फुकट असतो.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, ‘टाइम अँड लँग्वेज’ मध्ये ‘लँग्वेज अँड रीजन’ वर जा, ‘ॲड अ लँग्वेज’ दाबून मराठी निवडा. (विंडोज १० मध्ये हेच ‘लँग्वेज’ या नावाखाली सापडेल.) इन्स्टॉल करताना ‘डिस्प्ले लँग्वेज’ समोर खूण असेल तर ती काढा, नाहीतर सगळे मेनूच मराठीत जातील. नेट चालू ठेवा. मग टास्कबारवर घड्याळाजवळ भाषेचं चिन्ह दिसू लागेल. विंडोज की दाबून ठेवून स्पेसबार दाबला की कीबोर्ड बदलतो.

आता जो कीबोर्ड मिळाला तो इनस्क्रिप्ट. पहिल्यांदा दाबाल तर डोकं फिरेल, कारण इथे ‘एम’ दाबल्यावर म नाही, स येतो. पण त्यामागे हिशोब आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. ‘के’ वर क, शिफ्ट धरून ख. ‘आय’ वर ग, शिफ्ट धरून घ. ‘डी’ म्हणजे पाय मोडायची की. ‘मराठी’ लिहायला सी, जे, ई, मग शिफ्ट धरून अवतरण चिन्हाची की, शेवटी आर. मोबाईलवर हमखास बिघडणारा ‘दुसऱ्या’ इथे नेमका येतो: ओ, जी, एम, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई. हा लेआउट १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात आहे आणि गुजराती, बंगालीतही क त्याच कीवर सापडतो.

कीवर मराठी अक्षरं छापलेली नसली तरी स्टिकर आणू नका. विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबा. स्क्रीनवर कीबोर्ड उघडतो आणि त्यावर चालू लेआउटची अक्षरं दिसतात.

मोबाईलसारखंच हवं असेल तर मराठीसमोरच्या तीन टिंबांतून ‘लँग्वेज ऑप्शन्स’ उघडा आणि ‘ॲड अ कीबोर्ड’ मधून ‘मराठी फोनेटिक’ घ्या. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून तो मिळतो. अधूनमधून अर्ज किंवा मेल लिहायचा असेल तर हाच पुरे. रोज पानंच्या पानं टाईप करायची असतील तर मात्र इनस्क्रिप्ट शिका. प्रत्येक शब्दाला सुचवण्यांकडे बघत बसणं फार दमवतं. टायपिंगची परीक्षा देणार असाल तर तिथे कोणता लेआउट चालतो ते फी भरण्याआधीच विचारा. एका लेआउटची बोटांना लागलेली सवय दुसऱ्यावर उपयोगी पडत नाही.

फॉन्ट आणि लेआउट यांत गल्लत करू नका. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर कचऱ्यासारखा दिसतो. वरचे दोन्ही कीबोर्ड युनिकोडमध्ये लिहितात, त्यामुळे फाईल मोबाईलवर उघडली तरी मराठी मराठीच राहते.

आणि पासवर्ड! तिथे नुसते ठिपके दिसतात, म्हणून कीबोर्ड मराठीवर राहिलाय हे कळतच नाही. चुकून डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं गेलं तरी भाषा बदलते. परीक्षेचा फॉर्म शेवटच्या दिवशी भरताना पासवर्ड दोनदा चुकला, तर तिसऱ्यांदा टाकण्याआधी घड्याळाजवळचं चिन्ह बघा. लॉक स्क्रीनवर ते खाली उजव्या कोपऱ्यात असतं.