शस्त्राचें आवरण

श्रोतेहो, परवां माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. चाकणच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रांचे सुटे भाग करण्याचा त्याचा लहानसा कारखाना आहे. खंडणीच्या धमक्या येऊं लागल्या तेव्हां त्यानें पोलिसांत तक्रार केली, रीतसर अर्ज केला, आणि बऱ्याच खटाटोपीनंतर त्याला रिव्हॉल्व्हर बाळगण्याचा परवाना मिळाला. चहा झाल्यावर त्यानें पिशवींतून तीन कातडी म्यानें काढून माझ्यापुढें मांडलीं. बाजारांत ज्याला होल्स्टर म्हणतात, तीं हीं. दुकानदारानें तीं पसंतीसाठीं दिलीं होतीं. "सर, यांतलें कोणतें ठेवूं?" असें त्यानें विचारलें.

मी जन्मभर मुलांस इतिहास शिकविला. शस्त्रांशीं माझा संबंध सनावळीपुरता. तरी माझ्या आजोळीं घडलेल्या एका प्रसंगामुळें त्याचा प्रश्न मला हंसण्यावारी नेतां येईना. तो प्रसंग यथाक्रम येईलच. परंतु शस्त्र झांकून नेण्याची ही गोष्ट आली कोठून, आणि झांकावयाचें तें कशासाठीं, याचा थोडा मागोवा घेतल्यावांचून त्या तीन म्यानांतून एक निवडतां येणार नाहीं, असें मला वाटलें. तोच मागोवा आज आपणांपुढें ठेवीत आहें.

चाकण म्हटलें कीं आज मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढें येतात. परंतु त्याच गांवांत संग्रामदुर्ग नांवाचा भुईकोट किल्ला आहे. १६६० च्या जून महिन्यांत शायिस्तेखानानें त्यास वेढा घातला, आणि किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनीं मूठभर शिबंदीनिशीं तो सुमारें ५५ दिवस लढविला. शेवटीं सुरुंगानें बुरूज उडाला तेव्हांच किल्ला पडला. त्या काळच्या शिपायाचीं शस्त्रें उघड असत. तलवार कमरेस लटके, कट्यार शेल्यांत खोंवलेली दिसे. तलवारीचें म्यान बहुधा लांकडी, वरून कातडें किंवा मखमल चढविलेलें. तें म्यान तलवार लपवीत नसे. धारेला गंज आणि घाव यांपासून जपणें, आणि धारेपासून धन्याची मांडी व घोड्याची कूस जपणें, हें त्याचें काम. म्यानांतली तलवार साऱ्या जगाला दिसे, आणि ती म्यानांत आहे हेंही दिसे.

बंदूक तर लपवितांच येत नसे. त्या वेळची बंदूक तोड्याची. जळता तोडा दारूला लावल्यावांचून बार निघत नसे. असा पेटलेला तोडा अंगरख्याखालीं कोण ठेवील? त्याचा धूर आणि वास दुरून कळे, रात्रीं त्याचा निखारा दिसे. म्हणून त्या युगांत लपवावयाचें शस्त्र म्हणजे लहान पातें. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाखालीं अफझलखानाच्या भेटीस जातांना शिवाजी महाराजांनीं अंगरख्याखालीं चिलखत घातलें होतें, आणि बिचवा व वाघनखें हातीं छपविलीं होतीं, असें बखरकार सांगतात. तो प्रसंग जिवावरचा आणि असामान्य होता. रोजच्या वागण्याचा तो पाठ नव्हे.

बंदुकीला कपड्यांत शिरण्याची वाट युरोपांत मोकळी झाली. सोळाव्या शतकाच्या आरंभीं तेथें चाकाच्या घर्षणानें ठिणगी पाडणारी कळ निघाली. आतां तोडा नको, धूर नको. भरलेलें पिस्तूल झग्याखालीं तासन्‌तास राहूं शके. राज्यकर्त्यांच्या ध्यानीं हा धोका तत्काळ आला. १५१७ सालीं सम्राट मॅक्सिमिलियन यानें ऑस्ट्रियांत अशा हत्यारांस बंदी केली. बंदी फार टिकली नाहीं, परंतु भय खरें ठरलें. १० जुलै १५८४ रोजीं डेल्फ्ट शहरांत, नेदरलंड्सच्या लोकांचा पुढारी ऑरेंजचा विल्यम हा राहत्या घरीं, भेटीस म्हणून आलेल्या माणसाच्या पिस्तुलानें मारला गेला.

त्याच काळांत पिस्तुलाचें दुसरें, उघडें आयुष्य चालू होतें. युरोपांतले घोडेस्वार खोगिराच्या पुढल्या अंगास दोन कातडी नळ्या बांधीत आणि त्यांत पिस्तुलांची जोडी ठेवीत. होल्स्टर हा शब्द इंग्रजींत सतराव्या शतकांत रूढ झाला तो या खोगिरावरील म्यानासाठीं. पुढें १८३६ सालीं सॅम्युएल कोल्ट यानें अमेरिकेंत रिव्हॉल्व्हरचें पेटंट घेतलें. फिरत्या नळकांड्यांत पांचसहा बार भरून ठेवतां येऊं लागले, आणि हत्यार खोगिरावरून उतरून माणसाच्या कमरेला आलें. लष्करी अंमलदारांच्या कमरेचें म्यान वरून झडप असलेलें असे. ती उघडल्यावांचून हत्यार निघत नसे. पाऊस, धूळ आणि दौड यांत तें सांभाळणें, हा त्यामागील हेतु. आपल्याकडेही फौजेसाठीं असें कातडी सामान मोठ्या प्रमाणावर होऊं लागलें, आणि कानपूर हें त्याचें मुख्य ठाणें झालें.

मात्र हिंदी माणसाच्या कमरेला ते दिवस लाभले नाहींत. १८७८ सालीं लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावांचून हिंदी माणसास शस्त्र बाळगतां येईना, आणि युरोपियनांस मात्र नियमांनींच सूट होती. हा भेदभाव सुशिक्षितांच्या मनांत फार सलला, आणि काँग्रेसच्या आरंभींच्या अधिवेशनांतून त्याविरुद्ध ठराव होऊं लागले. ज्यास उघड शस्त्र नाहीं त्यास उरलें तें लपविलेलें शस्त्र. याचा परिणाम कोठवर गेला हें पाहण्यास आम्हां पिंपरी-चिंचवडकरांना दूर जावें लागत नाहीं.

चिंचवडचे कीर्तनकार हरि विनायक चापेकर यांचे पुत्र दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग माजला आणि त्याच्या बंदोबस्तासाठीं रँड याची नेमणूक झाली. गोऱ्या सोजिरांकडून घरांची झडती घेतली जाई. त्या जाचानें लोक संतापले. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडींतील सरकारी बंगल्यावर व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ होता. दामोदर व बाळकृष्ण तेथें गेले ते पिस्तुलें आणि तलवारीही घेऊन. परंतु तलवारी धांवतांना अडथळा करतील असें वाटून त्यांनीं त्या तेथील एका मोरीखालीं ठेवून दिल्या. माझ्या मतें आपल्या विषयाच्या दृष्टीनें या हकीकतींतला हा फार बोलका तपशील आहे. ज्या तलवारीवर मराठी शिपायाची दोनशें वर्षें गेली, ती त्या रात्रीं मोरीखालीं राहिली, आणि कपड्यांत मावणारें पिस्तूल पुढें गेलें. समारंभाहून परतणाऱ्या रँडच्या गाडीवर दामोदर यांनीं अगदीं जवळून गोळी झाडली. मागील गाडींतील लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्ण यांच्या गोळीनें मरण पावला. रँड ३ जुलैला वारला. १८ एप्रिल १८९८ रोजीं दामोदर येरवड्यास फांशीं गेले. मे १८९९ मध्यें वासुदेव, त्यांचे मित्र महादेव रानडे आणि बाळकृष्ण हेही गेले. एका घरचे तीन पुत्र तेरा महिन्यांच्या आंत संपले. चिंचवडच्या चापेकर चौकांतून जातांना मला त्यांच्या धैर्याइतकीच त्या घरांतील मागें राहिलेल्या माणसांची आठवण होते.

स्वातंत्र्यानंतर १९५९ सालीं नवा शस्त्र कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलांत आला. वर्णावरून भेद गेला, परवान्याची अट राहिली. २०१६ च्या नियमांत तर म्यानाचाच विचार आहे. परवानाधारकानें पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर सार्वजनिक ठिकाणीं न्यावयाचें तर तें अंगास बांधलेल्या होल्स्टरसारख्या साधनांत अथवा पाठपिशवींत असलें पाहिजे, तें संपूर्ण झांकलेलें असलें पाहिजे, आणि बाळगणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा राहिला पाहिजे. चारचौघांत हत्यार परजण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें वरातींत किंवा उत्सवांत निष्काळजीपणें बार काढून इतरांचा जीव धोक्यांत घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत.

येथें इतिहासानें एक फेरा पुरा केला असें मला दिसतें. डेल्फ्टला आणि गणेशखिंडींत शस्त्र झांकलें गेलें तें समोरच्याला कळूं नये म्हणून. आजचा कायदा झांकावयास सांगतो तो लोकांस धाक बसूं नये, आणि हत्यार धन्याच्या ताब्याबाहेर जाऊं नये म्हणून. जुन्या तलवारीच्या म्यानाचें काम तेंच होतें. तेव्हां म्यान पारखावयाचें तें हत्यार किती चपळाईनें निघतें यावरून नव्हे, तर तें काय काय होऊं देत नाहीं यावरून.

आतां आजोळची गोष्ट. माझे मामा फौजेंतून निवृत्त होऊन गांवीं शेती पाहत. त्यांच्याकडे परवान्याचें एक पिस्तूल होतें आणि तें ते एका जुन्या, वापरून मऊ पडलेल्या कातडी म्यानांत ठेवीत. एके दिवशीं संध्याकाळीं शेतावरून येऊन ओटीवर बसल्या बसल्या त्यांनीं पिस्तूल पुसलें, पुन्हां भरलें, आणि कमरेच्या म्यानांत सरकविलें. सुरक्षेची कळ लावण्याचें तेवढें राहून गेलें होतें. म्यानाच्या तोंडाचें कातडें लोंबून आंत दुमडलें होतें. ती घडी चापाच्या कडींत शिरली, आणि मामांनीं जोर देतांच चाप दाबला गेला. गोळी मांडीला चाटून खालच्या जमिनींत घुसली. दोन हातांवर माझी पांच वर्षांची मामेबहीण सागरगोटे खेळत होती. तिला कांहीं झालें नाहीं. पंचवीस वर्षें फौजेंत काढलेल्या त्या माणसाचे हात मात्र रात्रभर कांपत होते. तें पिस्तूल त्यांनीं पुन्हां कमरेला लावलें नाहीं.

ही गोष्ट सांगून मीं विद्यार्थ्याचीं तीन म्यानें एकेक करून हातांत घेतलीं. पहिलें दिसावयास फार सुबक, नक्षीदार. पण बोटानें दाबतांच त्याचें तोंड मिटलें. तें बाजूला ठेवलें. म्यानाच्या तोंडाशीं दुहेरी कातडें किंवा पट्टी असावी, म्हणजे हत्यार बाहेर असतांनाही तें उघडें राहतें. दुसरें म्हणे कोणत्याही पिस्तुलाला चालतें. जें सर्वांना चालतें तें कोणालाच नीट बसत नाहीं. त्याच्या रिव्हॉल्व्हरचें गोळ्यांचें नळकांडें फुगीर, तर पिस्तूल चपटें. म्यान त्याच हत्याराच्या मापाचें असावें. चांगला कारागीर कातडें भिजवून त्या आकाराच्या सांच्यावर बसवितो आणि तसेंच वाळवितो. तिसरें जाड, साधें, तपकिरी. चाप व त्याभोवतीची कडी पूर्ण झांकणारें. घरीं जाऊन, गोळ्या काढून दुसऱ्या खोलींत ठेवून, रिकामें रिव्हॉल्व्हर त्यांत घालून उलटें धरून पाहा, तें पडतां कामा नये, असें मीं त्याला सांगितलें.

कातड्याचीही पारख करावी. कोल्हापुरी वहाणेचें कातडें आपल्याकडे पूर्वापार बाभळीची साल आणि हिरडा यांनीं कमावतात. अशा वनस्पतींनीं कमावलेलें जाड कातडें आकार धरून ठेवतें. क्रोमानें कमावलेलें मऊ कातडें जाकिटाला उत्तम, म्यानाला नव्हे. तेल फार चोळूं नये, कातडें सैल पडतें. कमरेचा पट्टाही तितकाच भक्कम हवा, नाहीं तर म्यान लोंबतें आणि वांकतांच सदऱ्याबाहेर डोकावतें. हत्यार रात्रंदिवस म्यानांतच ठेवूं नये. कातडें ओल धरतें, आणि आपल्या मावळाकडच्या पावसाळ्यांत पोलादाला गंज व पितळी काडतुसाला हिरवा कळंक चढावयास वेळ लागत नाहीं. घरीं येतांच हत्यार कुलपांत, म्यान वाऱ्यावर.

मुलानें तिसरें म्यान उचललें. जातां जातां उंबऱ्याशीं थांबून म्हणाला, "सर, खरें सांगा, बाळगूं कीं नको?" मीं म्हटलें, "परवाना तुला बाळगण्याची मोकळीक देतो, रोज बाळगलेंच पाहिजे असें म्हणत नाहीं. धमकी आली कीं आधीं पोलीस ठाणें गांठ. ज्या दिवशीं मन संतापलेलें असेल, किंवा एखाद्या लग्नाला जावयाचें असेल, त्या दिवशीं हें कुलपांत राहूं दे. आणि तुझी मुलगी केवढी आहे?"

"सहा वर्षांची," तो म्हणाला, आणि कुलपाची चौकशी करूं लागला.

श्रोतेहो, आपणांपैकीं फारच थोड्यांवर असें म्यान निवडण्याची वेळ येईल, आणि ती येऊं नये हेंच बरें. परंतु ज्यांच्यावर येईल त्यांनीं आपल्या ओटीवर कोण खेळत असतें तें आधीं आठवावें, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.