एका पडण्याचा इतिहास

वसंत व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे एकतर बखरी उभ्या राहतात, नाहीतर तहांची कलमे. अशा व्यासपीठावर हाणामारीच्या एका चित्रपटाचा विषय आम्ही घेणार, हे कळताच आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, "म्हणजे व्याख्यान देणार की कोलांट्या मारणार?" कोलांट्या मारण्याचे आमचे वय राहिले नाही, ही गोष्ट त्यांच्याही नजरेतून सुटलेली नसावी. परंतु कोलांटी मारणाऱ्यालाही इतिहास असतो आणि तो बहुधा कुणी लिहीत नाही, म्हणून हा उद्योग.

चित्रपटाचे नाव 'प्रोजेक्ट ए'. हाँगकाँगमध्ये तो १९८३ च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला. गोल्डन हार्वेस्ट या संस्थेने तो काढला. दिग्दर्शक आणि नायक एकच, जॅकी चॅन. कथेचा काळ इंग्रजी अमलातील जुन्या हाँगकाँगचा. बंदरावर सागरी पोलीस आहेत, शहरात जमिनीवरचे पोलीस आहेत, दोघांचे एकमेकांशी हाडवैर आहे आणि समुद्रात चाचे मोकाट सुटले आहेत. पोलिसांच्याच बंदुका चाच्यांना विकण्याचा घाट घातला जातो आणि नायक तो उधळून लावतो. (चाचे हा शब्द उच्चारताना महाराष्ट्रातल्या माणसाने जरा जपून असावे. इंग्रजांच्या कागदांत कान्होजी आंग्रेही चाचाच होता. या चित्रपटातले चाचे मात्र अस्सल लुटारू आहेत.) कथा एवढीच. तिच्यासाठी कुणी तिकीट काढले असेल असे आम्हांस वाटत नाही.

लोक गेले ते एका प्रसंगासाठी. हातांत बेड्या असलेला नायक पाठलाग चुकवीत झेंड्याच्या खांबावर चढतो, तेथून घड्याळाच्या मनोऱ्यावर जातो, आत यंत्राच्या दातेरी चाकांमध्ये मारामारी करतो आणि शेवटी बाहेर येऊन घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो. खाली पन्नास-साठ फुटांवर जमीन आहे. मध्ये कापडी छपरे ताणलेली आहेत. हात सुटतो, माणूस पहिल्या छपरावर आदळतो, ते फाडून दुसऱ्यावर, आणि तेथून मातीत. हे पडणे एकाहून अधिक वेळा चित्रित केले गेले आणि चित्रपटात ते एकामागून एक दोनदा दाखवले आहे. कथेच्या दृष्टीने ही चूकच. माणूस एकदाच पडला तर दोनदा कसा दिसेल? परंतु दिग्दर्शकाला कथा सांगावयाची नव्हतीच. त्याला साक्ष द्यावयाची होती. पडणारा मीच, आणि मी खरोखरच पडलो, असे तो प्रेक्षकाला बजावीत होता. काट्याला लोंबकळून हात सोडण्याचा धीर होण्यास आपल्याला कित्येक दिवस लागले, हे चॅनने पुढे मोकळेपणाने सांगितले आहे.

घड्याळाला लोंबकळण्याची कल्पना त्याची स्वतःची नव्हे. अमेरिकेतील मूकपटांचा विनोदी नट हॅरॉल्ड लॉईड १९२३ सालच्या 'सेफ्टी लास्ट' मध्ये असाच काट्याला लटकला होता. ते दृश्य लॉस अँजेलिसच्या उंच इमारतींच्या गच्चीवर खोटी भिंत उभारून घेतलेले होते. कॅमेरा असा लावला होता की खालचा रस्ता दिसे, आणि नटाच्या पायांखाली थोड्याच अंतरावर असलेला गाद्यांचा मंच दिसत नसे. लांबून दिसणारी चढण बिल स्ट्रॉदर या पट्टीच्या भिंत चढणाऱ्याने केली. म्हणून लॉईडला कुणी भित्रा म्हणू नये. १९१९ साली छायाचित्राच्या वेळी खोटा समजून हातात धरलेला बॉम्ब फुटून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती; काट्याला धरलेला हात तोच, वरून हातमोजा घातलेला. दुसरा नट बस्टर कीटन. १९२४ साली एका चित्रपटात पाण्याच्या लोंढ्याखाली रुळांवर आपटून त्याच्या मानेचे हाड मोडले आणि ते मोडले होते हे त्याला कित्येक वर्षांनी वैद्यकीय तपासणीत कळले. चॅनचे गुरू शोधावयाचे तर चीनच्या डोंगरातल्या मठांकडे न पाहता या दोघा अमेरिकनांकडे प्रथम पाहावे लागेल.

मात्र गुरूने कल्पना दिली तरी शरीर कुठून आले? खऱ्या इतिहासाला येथे सुरुवात होते.

काउलूनमध्ये यू जिम-युएन नावाचे एक उस्ताद पेकिंगच्या संगीतनाटकाची शाळा चालवीत. या नाटकात नटाला चार विद्या याव्या लागतात: गाणे, बोलणे, अभिनय आणि युद्ध. चौथीसाठी मुलाला कोवळ्या वयातच हाती घ्यावे लागते. चॅनचा जन्म १९५४ चा. आईबाप परक्या वकिलातीत स्वयंपाकपाणी आणि घरकाम करीत. बाप पुढे चाकरीसाठी ऑस्ट्रेलियास गेला. मुलगा सहा-सात वर्षांचा असताना बापाने त्याला दहा वर्षांच्या कराराने उस्तादांच्या हवाली केले. शिक्षा करण्याचा पूर्ण अधिकार उस्तादांचा, मुलाची कमाईही उस्तादांची, आणि शिक्षा करताना मुलाचे प्राण गेले तरी तक्रार नाही, असा तो करार असल्याचे चॅन सांगतो. पहाटेपासून कसरत, हातांवर उभे राहणे, पाय फाकणे, कोलांट्या. चुकले की वेत. मुलांना उस्तादांच्या नावातले 'युएन' हे अक्षर आडनावासारखे मिळे. चॅन झाला युएन लो. त्याच्याहून थोरला सॅमो हंग झाला युएन लुंग. त्यांच्याबरोबर युएन बियाव, युएन वाह हेही होते. 'प्रोजेक्ट ए' मध्ये चॅन, हंग आणि बियाव हे तिघेही आहेत. त्यांची मारामारी पाहताना हात कुठे येणार आणि पाय कुठे जाणार हे एकमेकांस न सांगता कळते असे वाटते, त्याचे कारण लहानपणी एकाच छडीखाली झालेले हे शिक्षण.

आणि गंमत, की विषाद म्हणावा, पाहा. ज्या कलेसाठी ही पोरे दहा वर्षे पिळली गेली ती कला ती मोठी होईपर्यंत मरणपंथास लागली होती. हाँगकाँगची भाषा कँटनी. पेकिंगच्या बोलीतले नाटक ऐकणारे तेथे मुळातच थोडे, आणि जे होते तेही सिनेमाकडे वळले. शाळेतून बाहेर पडलेल्या तरुणांजवळ लिहिणे-वाचणे जेमतेम होते. एकच माल त्यांच्यापाशी होता: मोडता न येणारे शरीर. तो माल सिनेमाने विकत घेतला.

सिनेमाला त्याची गरजही होती. १९४९ पासून निघालेल्या वाँग फेई-हुंगच्या चित्रपटमालेचा नायक क्वान टाक-हिंग हा कँटनी नाटकाचाच नट. १९६६ साली किंग हू याने 'कम ड्रिंक विथ मी' काढला, त्यातली युद्धे हान यिंग-चिए या नाटकातल्याच माणसाने बसवली. ब्रूस लीचे वडीलही कँटनी रंगभूमीवरचे नट होते. मात्र लीला स्वतःला या शाळेची कसरत येत नव्हती, म्हणून १९७३ च्या 'एंटर द ड्रॅगन' मधील त्याच्या उलट्या उड्या युएन वाहने मारल्या. त्या उड्यांना जगभर टाळ्या पडल्या. त्या कुणाच्या, हे टाळ्या देणाऱ्यांना ठाऊक नव्हते. त्याच वर्षी ली वारला आणि पुढली काही वर्षे प्रत्येक निर्माता नवा ली शोधू लागला. चॅनलाही त्या साच्यात घालून पाहिले, जमले नाही. १९७८ साली युएन वू-पिंगच्या 'ड्रंकन मास्टर' मध्ये त्याला मार खाणारा, विव्हळणारा, चुकणारा नायक होऊ दिले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. पाच वर्षांनी तो घड्याळाच्या काट्यावर लटकला, तो याच विव्हळणाऱ्या नायकाच्या वेषात.

हे सारे आम्हांस अगदीच परके वाटत नाही. आमच्याकडेही नाटकमंडळ्यांनी पोरे उचलली, त्यांना कंपनीच्या पंक्तीत वाढवले, छड्या मारून ताल शिकवला. मास्टर विठ्ठल हे असेच एक मूल. लहानपणी नाटकात, मग कोल्हापुरास बाबूराव पेंटरांकडे, पुढे मुंबईस शारदा फिल्म कंपनीत. मूकपटांत घोड्यावरून आणि तलवारीवर त्यांनी असे राज्य केले की लोक त्यांना हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. १९३१ च्या 'आलम आरा' चे नायक तेच. पडदा बोलू लागला आणि त्यांची भरभराट ओसरली. १९६९ साली ते वारले. 'हंटरवाली' १९३५ साली मुंबईत निघाली. त्यातली नादिया आगगाडीच्या टपावर मारामारी करण्यासाठी पुढे प्रसिद्ध झाली आणि तिचे काही चित्रपट आज पाहावयास तरी मिळतात. विठ्ठलांच्या मूकपटांची चित्रफीत मात्र आपल्या बहुतेक मूकपटांप्रमाणे नाहीशी झाली. त्यांच्या उड्या खऱ्या होत्या की युक्तीच्या, हे आता पडताळून पाहता येत नाही.

आता तो प्रश्न, जो आमच्या स्नेह्यांनी व्याख्यानाच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारला: "पोरांना बडवून मिळवलेल्या कलेचे तुम्ही कौतुक करता?" करतो, आणि संकोचाने करतो. चॅन उस्तादांविषयी बोलतो तेव्हा त्यात कृतज्ञता आणि भीती अशी मिसळलेली असते की एक दुसऱ्यापासून वेगळी काढता येत नाही. १९८८ साली या शाळेवर 'पेंटेड फेसेस' नावाचा चित्रपट निघाला. त्यात उस्तादांची भूमिका कुणी केली? एके काळी त्यांचाच वेत खाणाऱ्या सॅमो हंगने. आणि ती त्याने एवढ्या मायेने केली की हाँगकाँगचे उत्कृष्ट नटाचे पारितोषिक त्याला मिळाले. मायेने केली म्हणून वेताचे वळ खोटे ठरत नाहीत. आमच्या पिढीतही 'मास्तरांनी मारले म्हणून शिकलो' असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ आहेत. मारले म्हणून जे शाळा सोडून गेले ते व्याख्यानास येत नाहीत, एवढाच फरक. काउलूनच्या शाळेतूनही जी मुले नावारूपास आली नाहीत त्यांची साक्ष आमच्यापाशी नाही.

किंमत पुढेही चुकवावी लागली. १९८५ सालच्या 'पोलीस स्टोरी' मध्ये दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून चॅन घसरत खाली आला. तळहाताची कातडी भाजून निघाली. १९८६ साली युगोस्लाव्हियात 'आर्मर ऑफ गॉड' च्या वेळी भिंतीवरून झाडावर उडी मारताना फांदी मोडली आणि डोके दगडावर आपटले. कवटी फुटली, मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली. घड्याळाच्या मनोऱ्यापुढे ती उडी काहीच नव्हती. मोठ्या उडीला माणूस आठ दिवस भितो, लहान उडीला भीत नाही. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय मुरगाळणाऱ्यांना हे पटेल.

पुढे यंत्रगणकाने चित्रे काढण्याची विद्या आली आणि मनोऱ्यावरून पडावयास मनोराही लागेना, माणूसही लागेना. चॅनला २०१६ साली मानाचे ऑस्कर मिळाले. निनावी पडणाऱ्यांच्या वाट्याला मात्र त्या संस्थेकडून नियमित पारितोषिक असे नव्हते. २०२७ साली प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून साहसदृश्यांच्या रचनेसाठी ते देण्याचे २०२५ साली जाहीर झाले. शंभराव्या समारंभाला त्यांची आठवण झाली!

'प्रोजेक्ट ए' संपतो तेव्हा नावांच्या पाट्यांबरोबर चित्रीकरणात फसलेली दृश्ये दाखवली जातात. अमेरिकेत 'कॅननबॉल रन' मध्ये काम करताना चॅनने ही रीत पाहिली होती. तेथे ती नट हसत सुटल्याच्या गमतींसाठी होती. येथे तिच्यात माणसे चुकीच्या जागी पडतात, मान धरून बसतात, आणि चौकटीबाहेर उभे असलेले सोबती धावत येऊन त्यांना उचलतात. आम्ही हा चित्रपट पाहिला तेव्हा प्रेक्षक उठून दारापर्यंत गेले होते. ही दृश्ये सुरू झाली तसे ते जेथल्या तेथे उभे राहिले, आणि दिवे लागेपर्यंत कुणीही बाहेर गेले नाही.