वजाबाकी करणारा दिग्दर्शक

एखाद्या दिग्दर्शकाने रंगभूमीवर काय नवं आणलं, याचा हिशेब आपण नेहमीच मांडतो. आज मी बोलणार आहे ते रंगभूमीवरून एकेक गोष्ट काढत गेलेल्या दिग्दर्शकाविषयी. त्यांचं नाव पीटर ब्रुक.

ब्रुक यांचा जन्म १९२५चा, लंडनमधला. अवघ्या बाविसाव्या वर्षी त्यांच्याकडे कोव्हेंट गार्डन या ऑपेरागृहाच्या निर्मितीची सूत्रं आली. १९४९ मध्ये ‘सालोमे’ या ऑपेराच्या नेपथ्यासाठी त्यांनी थेट चित्रकार साल्वादोर दालीला पाचारण केलं. प्रयोगावर टीकेची झोड उठली आणि थोड्याच काळात तिथली त्यांची कारकीर्द संपली.

पुढे मात्र त्यांचा रंगमंच मोकळा होत गेला. १९६२च्या ‘किंग लिअर’मध्ये पॉल स्कोफील्ड लिअरच्या भूमिकेत होते. डोळे काढलेला ग्लॉस्टर चाचपडत निघतो, त्या क्षणी ब्रुक यांनी प्रेक्षागृहातले दिवे लावले. अंधारात लपून हळहळायची सोय त्यांनी प्रेक्षकाला ठेवली नाही. ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ हा त्यांचा चित्रपट १९६३ मध्ये आला. त्यात कसलेले नट घेण्याऐवजी त्यांनी अभिनयाचा अनुभव नसलेली मुलं घेतली. १९७०च्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये तर अरण्यच गायब! तीन पांढऱ्या भिंती, वर टांगलेले झोके आणि सर्कशीतल्यासारखे नट. तरीही प्रेक्षकांना अरण्य दिसलं.

त्याच वर्षी ते पॅरिसला गेले. तिथे १९७४ मध्ये बूफ द्यु नॉर हे पडीक नाट्यगृह त्यांनी पुन्हा सुरू केलं. पण भिंतींवरचे ओरखडे आणि डाग तसेच ठेवले. याच जागी १९८१ मध्ये त्यांनी ‘कार्मेन’ हा भव्य ऑपेरा मूठभर गायक-नट आणि छोट्या वाद्यवृंदावर, जेमतेम दीड तासात उभा केला.

आणि मग १९८५. फ्रान्समधल्या आविन्यों महोत्सवात, दगडाच्या एका खाणीत, नऊ तासांचं ‘महाभारत’. संहिता ज्याँ-क्लोद कारिएर यांची, नट अनेक देशांचे आणि द्रौपदी आपल्या मल्लिका साराभाई. हे नाटक भारतात आलं नाही. मी पाहिला तो त्यावरचा १९८९चा चित्रपट. सेनेगलचा भीम पाहून मी आधी बिचकलो. पंधरा मिनिटांनी तो फक्त भीम उरला. लहानपणी गावच्या देवळात एका उपरण्यावर सगळी कुरुसभा उभी करणारे कीर्तनकारबुवा मी पाहिले होते. त्यामुळे रिकाम्या जागेची ही ताकद मला परकी वाटली नाही.

पण माझं मन पुरतं भरलं नाही, हेही सांगायला हवं. रुस्तुम भरुचा यांच्यासारख्या अभ्यासकांनी तेव्हाच कठोर प्रश्न विचारले होते : ज्या समाजात ही कथा आजही जगली जाते, तो समाज या प्रयोगात कुठे आहे? गीता काही मिनिटांत आटोपते, ती कशी? मला हा आक्षेप पटतो. नेपथ्य काढलं, तर ते प्रेक्षक मनातून भरून काढतो. अरण्य काय असतं, हे त्याला ठाऊक असतं. पण जात, कुळ, धर्माचा पेच काढला, तर पॅरिसचा प्रेक्षक तो कशाने भरणार? ब्रुक यांची वजाबाकी मला तिथे अडलेली दिसते.

तरी हिशेब इथेच मिटवता येत नाही. ब्रुक यांनी ही कथा सोडली नाही. २०१५ मध्ये, नव्वदीत, ते पुन्हा महाभारताकडे वळले. ‘बॅटलफिल्ड’ या त्या नाटकात चार नट, एक वादक आणि सव्वा तासाच्या आसपासचा अवधी. विषय युद्धाचा नव्हता. युद्ध जिंकून हताश झालेल्या युधिष्ठिराचा होता. २०२१ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २ जुलै २०२२ रोजी, सत्त्याण्णवाव्या वर्षी, ते गेले.

दालीच्या भपक्यापासून निघालेला हा माणूस अखेर राज्य मिळूनही रिकाम्या राहिलेल्या एका राजापाशी येऊन थांबला. सगळं वजा केल्यावर काय उरतं, हा त्यांचाही प्रश्न होता आणि युधिष्ठिराचाही.